अळवंतिणीचे पाय

जून लागला की इथे मेंढरं कातरायला घेतात आणि मला राग येतो.

एनस्खेडेची, आमच्या या डच गावाची, शेवटची घरं मागे पडली की मोठा माळ लागतो. ऑगस्टात तो जांभळा होतो, पण जूनमध्ये नुसता तपकिरी, खरबरीत असतो. काल त्या बाजूने सायकलवरून येताना वारा आडवा आला आणि त्याच्याबरोबर वास आला. तुपकट, थोडा लेंड्यांचा, थोडा उन्हात तापलेल्या गोणपाटाचा. ताज्या उतरवलेल्या लोकरीचा वास. मी ब्रेक दाबला आणि उतरले. माळावर कुंपणाशी गर्दी होती. आईबाप मुलांना खांद्यावर घेऊन उभे होते, आइस्क्रीमची गाडी आली होती. मेंढीला माणसासारखं बुडावर बसवलेलं, मशीन पोटावरून फिरत होतं, आणि सगळा अंगरखा एकसंध उतरला. टाळ्या पडल्या. मेंढी लाजल्यासारखी पळाली. अंगरखा मात्र कुणीतरी पायाने बाजूला सारला. त्याचं पुढे काय होतं हे कुणीच विचारत नाही.

मला माहीत आहे काय होतं. खड्ड्यात जातो. नाहीतर जाळतात.

हे मला कळलं त्याला चार उन्हाळे झाले. तेव्हा मला या गावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. निखिलला, माझ्या नवऱ्याला, इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं आणि मी त्याच्या मागोमाग आले. इचलकरंजीच्या गिरणीत मी कापडाची प्रत तपासायचे, हाताखाली माणसं होती. इथे आल्यावर मला जे कार्ड मिळालं त्यावर राहण्याचा उद्देश छापला होता: नवऱ्याकडे राहणे. मी ते कार्ड पाकिटात उलटं ठेवायचे. गंमत अशी की हे गावसुद्धा एके काळी कापडाचंच. गिरण्यांच्या लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, आत आता घरं आहेत, कॉफीची दुकानं आहेत. मी त्या भिंतींना हात लावून चालायचे आणि घरी येऊन पोळ्या करायचे.

शेजारी आयला राहायची. तिचं नाव खरंच आयला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरची बाई, तरुणपणी डच माणसाशी लग्न करून आली, आता एकटी. फोनवर आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, हाक कशी मारतेस तिला? लोक काय म्हणतील?" इथे लोकांना काय कळणार! मी मोठ्याने हाक मारायचे. त्या वर्षात घराबाहेर तोंड भरून उच्चारलेला तोच एक मराठी शब्द.

आयला आयुष्यभर सुईण होती, म्हणजे इथल्या अर्थाने सुईण. रीतसर शिकलेली, बॅग घेऊन सायकलवरून घरोघर जाऊन बाळंतपणं करणारी. निवृत्त झाल्यावर ती लोकरीची चित्रं करायला लागली होती. विणून नाही. लोकर थरावर थर पसरायची, गरम साबणाचं पाणी शिंपडायचं, बांबूच्या चटईत गुंडाळून तासन्‌तास लाटायचं, की ते सगळं एकमेकांत घट्ट गुंतून जाड कापड होतं. आमच्या सांगलीकडे बसायला लोकरीचं जेन अंथरतात ना, तसंच. पण तिच्या बोटांचे सांधे सुजायचे, लाटणं जमेना. एके दिवशी कुंपणावरून म्हणाली, "तुझे हात मोकळे आहेत का?"

मोकळे! माझे हात इतके मोकळे होते की मला ते कापून ठेवावेसे वाटत होते.

तिच्या बाकफिट्सवरून, म्हणजे पुढे लाकडी खोका जोडलेल्या सायकलीवरून, आम्ही माळावर गेलो. धनगर हेंक नावाचा, कानात बाळी घातलेला, पायाने लोकर ढकलत होता. आयलाने विचारलं, थोडी घेऊ का. तो हसला. "सगळी ने. ही राठ लोकर कुणालाच नको. माझा खड्डा वाचेल."

मी त्या ढिगाकडे बघत राहिले. राखाडी, काळपट, मधेच दुधाच्या सायीसारखी. आमच्याकडे हिचं घोंगडं झालं असतं, वीस वर्षं अंगावर राहिलं असतं. जिवंत अंगावर वर्षभर वाढलेली गोष्ट, ऊब धरणारी, पाऊस अडवणारी, आणि ती मातीत लोटायची कारण ती मऊ नाही? मी इंग्रजीत काहीतरी तोडून बोलले. हेंक गोंधळला. आयला मला म्हणाली, "अनु, तू लोकरीवरून एवढी चिडत नाहीयेस." मी म्हटलं, "लोकरीवरूनच चिडलेय." आणि कोंबून कोंबून खोका भरला.

मग धुणं. ज्यांनी कधी मेंढीची लोकर धुतलेली नाही त्यांना तो घाणेरडा आनंद कळणार नाही. आयलाच्या अंगणात टबांची रांग लावली होती. गरम पाण्यात लोकर दाबायची, पण घुसळायची नाही, नाहीतर तिथेच घट्ट होते. पाणी चहासारखं होतं, मग काळं. काटक्या, लेंड्या, गवत, मेलेल्या गोचिड्या वर येतात. पाणी ओतायचं, पुन्हा घ्यायचं. हात लोण्यात बुडवल्यासारखे होतात आणि तो वास नखांत आठवडाभर राहतो. निखिल जेवताना म्हणायचा, "तू आज शेळीसारखी वास मारतेयस." मी म्हणायचे, "मेंढीसारखी. शिकलेला माणूस ना तू?"

असंच एकदा आम्ही दोघी टबात कोपरापर्यंत बुडालेल्या होतो, आणि आयला म्हणाली, "आपलं चित्र कोणाचं करायचं ठरलं. बेन नीये. धुणारी."

मी विचारलं, कोण ती?

"आमच्या बेटावरची गोष्ट. ओढ्याच्या उतारावर एक बाई धुणं धूत बसलेली दिसते. हिरवे कपडे. तिच्या पायांना बदकासारखे पडदे असतात. जो लवकरच मरणार त्याचे कपडे ती धूत असते. लोक तिला बघून पळतात."

"का धुते पण?"

"शिक्षा," आयला पाणी निथळत म्हणाली. "ती बाळंतपणात मेलेली बाई. मरताना तिचं धुणं अर्धवट राहिलं म्हणून. एरवी ती ज्या दिवशी मेली असती त्या दिवसापर्यंत तिला धूत बसावं लागतं."

माझे हात पाण्यात तसेच राहिले.

मला बहीण होती. नंदा, नंदाताई. ती गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, हिरव्या साडीत डोहाळजेवण झालं होतं, ओटीवर बसून ती मला गणितं सोडवायला मदत करायची आणि मधेच पोटावर हात ठेवून "ही लाथ मारते, अभ्यास कर म्हणते" असं म्हणायची. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी मुलगी झाली. सगळे हसले. मग रक्त थांबेना. चुलत्यांची जीप दारात उभी होती. तालुक्याच्या गावात दवाखाना होता. आणि माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, दारात आडवे उभे राहिले. अमावास्या आहे, ओली बाळंतीण आज उंबऱ्याबाहेर काढायची नाही, उद्या सकाळी बघू. घरातल्या इतर पुरुषांनी माना डोलावल्या. आई त्यांच्या पायांशी बसून रडत होती आणि ते तिच्या डोक्यावरून समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होते. मी जीपमध्ये जाऊन बसले होते. पुढच्या सीटवर. मला वाटत होतं, कुणीतरी आत बसलंय म्हटल्यावर जीप निघेल.

जीप निघाली नाही. दिवे लागायच्या आत ताई गेली.

आणि मग तिला घराबाहेर काढलं. मेल्यावर चालली अमावास्या. तिला नेताना मागून रस्त्यावर मोहरी टाकत गेले, मूठ मूठ. अशी बाई अळवंतीण होते, परत यायला बघते, मग तिने ते दाणे वेचत बसावं आणि घरापर्यंत पोचू नये. म्हणजे जिला ते दवाखान्यात नेऊ शकले नाहीत, ती घरी परत येईल याची त्यांना भीती होती. तिचे कपडे न धुता ओढ्यात सोडले. फोटो भिंतीवरून उतरले. तिन्हीसांजेला तिचं नाव घ्यायचं नाही, मग हळूहळू कधीच घ्यायचं नाही. मुलगी जगली. मेहुण्यांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, पोर आमच्याकडेच राहिली. सायली. तिला सांगितलं, तुझी आई तापाने गेली.

हे सगळं मी आयलाला टबात हात बुडवून सांगितलं. तिने मधे फक्त दोन प्रश्न विचारले, सुईणीचे.

"वार पूर्ण पडली होती?"

"माहीत नाही. मी लहान होते."

"आणि गाडी दारात होती."

"हो."

तिने हातातली लोकर टबाच्या काठावर ठेवली. मग म्हणाली, "मग भूत चुकीच्या माणसाचं केलंत तुम्ही."

मी उठले आणि टब लाथेने उलटा केला. सगळी लोकर, सगळं काळं पाणी तिच्या फुलांच्या वाफ्यांत गेलं. बूट ओले झाले म्हणून तिने काढून ठेवले आणि अनवाणी लोकर गोळा करायला लागली.

तो उन्हाळा आम्ही ते चित्र केलं. एका जुन्या गिरणीच्या इमारतीतली खोली आयलाने मिळवली होती, कारण चित्र दारापेक्षा उंच होतं. मी लाटायचे. अंगातली सगळी ताकद लावून, दात आवळून, कंबर मोडेपर्यंत. राखाडी लोकरीचं आकाश, काळपट ओढा, मधे ती वाकलेली. हिरव्यासाठी लोकर आधी बर्चच्या पानांत पिवळी रंगवली, मग निळीत बुडवली. तो हिरवा रंग वर आला तेव्हा मला खोलीबाहेर जावं लागलं. त्यांच्या गोष्टीतही ती हिरवीच, आणि आमची ताईही डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीतच. जगाच्या दोन टोकांना माणसांना एकच सुचतं. बाई बाळंतपणात मेली की तिला पोशाख द्यायचा, जागा द्यायची, काम द्यायचं आणि घाबरायचं. ती का मेली एवढंच तेवढं विचारायचं नाही.

पायांवरून आमचं भांडण झालं. आयलाने बदकाचे पाय कातरून आणले होते, लालसर, मधे पडदे असलेले. छान केले होते तिने, दुखऱ्या बोटांनी.

मी म्हटलं, "हे नाही लावायचे."

"अनु, त्याच पायांवरून तिला ओळखतात. गोष्टच तशी आहे."

"गोष्ट खोटी आहे. आमच्याकडे अशा बाईचे पाय उलटे असतात म्हणतात. तुमच्याकडे बदकाचे. सगळ्यांना तिच्या पायांचंच का पडलंय? चालत परत येईल म्हणून?"

"ही माझ्या आजीची गोष्ट आहे," आयलाचा आवाज चढला. "तू ती घेऊन तुझ्या मनासारखी करतेयस."

"मग तुझ्या आजीने विचारायला हवं होतं, ती मेली कशी!"

ती पाय टेबलावर टाकून निघून गेली. पुढचे काही दिवस आमची गाठ पडली नाही. कुंपणापलीकडे तिचे कपडे वाळत असायचे, तिचा रेडिओ लागायचा. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी मी खोलीत गेले तर ती आधीच येऊन बसली होती, चित्रासमोर, जमिनीवर.

"चाळीस वर्षं मी बाळंतपणं केली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "एक बाई माझ्या हातात गेली. एकच. त्यानंतर मी आजीची ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तुला सांगितली." मग बदकाचे पाय उचलून पिशवीत टाकले. "कर तुझे पाय."

मी माणसाचे पाय केले. साध्या, मळलेल्या, न धुतलेल्या लोकरीचे. टाचांना भेगा. आणि दोन बोटांत पांढऱ्या धाग्याची जोडवी.

गिरणीतल्या त्या खोलीत प्रदर्शन झालं. डच लोक आले, मान तिरकी करून बघून गेले, "सुंदर" म्हणाले. मला त्याचाही राग आला. सुंदर काय आहे यात? इथल्या मराठी मंडळींना दिवाळीच्या कार्यक्रमात ते लावायचं होतं, मग विषय कळल्यावर फोन आला की सणासुदीला बाळंतिणीचं भूत बरं दिसणार नाही, त्यापेक्षा एखादा मोर करून द्या. निखिल म्हणाला, "दे ना एक मोर, तुला काय जड आहे?" त्या आठवड्यात मी त्याच्याशी बोलले नाही. पण त्याचं एक मान्य करायला हवं. त्याला ते चित्र मनापासून आवडलं होतं. त्याने फोटो काढला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: अनुचं काम, स्कॉटलंडच्या लोककथेवरून.

अर्ध्या तासात आईचा फोन. तिला मोठं शिकायला मिळालं नाही, पण तिला चित्र कळलं होतं.

"अनु, ते काढून टाक बघू आधी. माझ्या फोनवरचं सगळं सायलीच वाचून दाखवते मला."

"मग बघू दे."

"वेड लागलंय का तुला? सोळा वर्षं जपलीय मी पोरीला."

"कशापासून जपलीस? तिच्या आईपासून?"

मग आई अशा आवाजात बोलली, जो मी कधी ऐकला नव्हता. "मी काय सुखानं गप्प बसले होते व्हय? मोहरी माझ्या हातात दिली त्यांनी. माझ्या हातात. म्हणाले, आईनंच टाकायची. टाकली मी." आणि फोन ठेवला.

मी तशीच उभी होते, तेवढ्यात सायलीचा मेसेज आला. तिने गोष्ट इंटरनेटवर शोधून वाचली होती, ती कोण असते, कशी मरते. आणि मग एवढंच लिहिलं होतं:

"मावशी, स्कॉटलंडच्या बाईच्या पायात जोडवी कशी?"

मी तिला व्हिडिओ कॉल केला. ती गच्चीवर होती, मागे पाण्याची टाकी दिसत होती, दुपारचं ऊन. मी सगळं सांगितलं. जीप, अमावास्या, अण्णा दारात उभे होते ते. ताई ओटीवर बसून मला गणितं शिकवायची तेही. "ही लाथ मारते" म्हणायची तेही. सायली रडली नाही. चेहरा असा घट्ट झाला, जणू कुणीतरी तो लाटला होता.

"म्हणजे आजोबांना माहीत होतं, ती मरेल?"

"त्यांना माहीत नव्हतं. पण विचारायचंही नव्हतं."

"आणि सगळे उभे होते?"

"सगळे."

तिने फोन बंद केला. खाली गेली. अण्णा जेवत होते. त्यांच्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, आजोबा, तुम्ही माझ्या आईला का नेलं नाही? हे मला नंतर आईने सांगितलं. अण्णा म्हणाले, "तेव्हा तसंच असायचं." हात धुतले, चपला घातल्या आणि शेताकडे गेले. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला.

"घर फोडलंस तू."

मी म्हटलं, "अण्णा, घर त्या दिवशीच फुटलं. तुम्ही दारातच होता."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आजतागायत. लोक मला सांगतात, वय झालंय त्यांचं, सोडून दे. का सोडू? ताईचं वय झालंच नाही.

डिसेंबरात मी घरी गेले. चित्र घड्या करून बॅगेत भरलं, ते एकटंच निम्मी बॅग खाऊन बसलं. विमानतळावर माझ्या निरोपाला आयला आली होती. बॅगेवर हात ठेवून म्हणाली, "तिला घरी ने." घरी पोचल्यावर मी बॅग उघडली नाही. आईनेच उघडली. चित्र पलंगावर पसरलं, हिरव्यावरून हात फिरवला, "टोचतंय गं" म्हणाली, आणि पायांशी येऊन बसली. त्या राठ, भेगाळ टाचा तिने दोन्ही तळव्यांत धरल्या. मी आणि सायली दारात उभ्या होतो. आत जायचं धाडस आम्हाला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ते पुढच्या खोलीत लावायला घेतलं. अण्णा म्हणाले, या घरात असलं काही लागणार नाही. आई स्टुलावर चढलेली होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "मग तुम्ही या आणि तुमच्या हातानं काढा," ती म्हणाली. ते आले नाहीत. तेव्हापासून ते मागच्या दारानेच येतात-जातात.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला वाटलं होतं, आई त्या दिवसापुरतं चित्र उतरवेल. सवाष्णींचा कार्यक्रम, गावातल्या सगळ्या बायका येणार, तिकडच्या मराठी मंडळींना जे जमलं नाही ते आईला कसं जमेल? पण चित्र तिथेच होतं. बायका आल्या, नव्या साड्यांत, केसांत गजरे. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, चित्राकडे चोरून बघितलं, जोडवी बघितली, एकमेकींकडे बघितलं. सायली सगळ्यांना अत्तर लावत फिरत होती, मान ताठ ठेवून. खोलीत कुजबूज वाढली आणि मग एकदम थांबली, कारण समोरच्या घरातल्या काकूंनी न राहवून मोठ्यानेच विचारलं.

"वहिनी, ही कोण हो?"

आई कुंकू लावत होती. तिने काकूंच्या कपाळावरचं बोट काढलं नाही.

"ही माझी थोरली. नंदा," ती म्हणाली. "हिला आम्ही मरू दिलं."